आवाजाचा माग काढणाऱ्या खिल्लारे मॅडम

खिल्लारे मॅडमच्या तोंडून ‘बंद करून चालू करा’ हे शब्द मी कधीच ऐकले नाहीत. त्या काळात हिंगोलीत ज्याच्या त्याच्या तोंडी हाच इलाज असायचा. संगणक अडला, बंद करून चालू करा. प्रिंटर रुसला, बंद करून चालू करा. मॅडम मात्र अडलेल्या यंत्रापुढं खुर्ची ओढून बसायच्या, हेडफोन कानाला लावायच्या आणि काही न करता मिनिटभर नुसत्या ऐकत राहायच्या.

“काही ऐकू येतंय का?” मी एकदा विचारलं.

“न्हाई ना,” त्या म्हणाल्या. “पण न्हाई ऐकू येण्याचेबी दोन प्रकार असतात, सर. एकात बारीक सूं असतं, एकात तेबी नसतं. सूं असलं की समजायचं, आवाजाचं कार्ड जितं हाय, आवाज दुसरीकडं चाललाय.”

मी आमच्या कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझं ग्रंथालय आणि त्यांची संगणकाची लॅब यांच्यामध्ये प्लायवूडचं पार्टिशन होतं, तेही छतापर्यंत न पोचलेलं. त्यामुळं त्यांचा जवळजवळ प्रत्येक तास मी कानानं केला. त्या कंत्राटावर लागल्या होत्या, दरवर्षी जूनमध्ये नवा कागद. रोज कळमनुरीहून बसनं यायच्या. उंच, सडपातळ बांधा, सुती साडी, पर्समध्ये कंगव्याच्या जोडीला स्क्रू काढायचा एक पेचकस. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. एरवी बोलायच्या अगदी आमच्या इकडचं, पण चिडल्या की एकदम पुस्तकी मराठी सुरू व्हायची. “आपण असे का म्हणता?” असं वाक्य लॅबमधून ऐकू आलं की मी पलीकडं पुस्तक मिटून ठेवायचो.

लॅबमध्ये पंधरा जुनी यंत्रं होती. व्हायरसनं ती वारंवार आजारी पडायची, म्हणून मॅडमनी सगळ्यांवरची नेहमीची प्रणाली काढून लिनक्स घातलं. फुकट मिळतं आणि आत काय चाललंय ते उघडून बघता येतं, हे त्यांचं कारण. संस्थेच्या सचिवांना, म्हणजे भाऊसाहेबांना, ते पटलं नव्हतं. “जगात सगळे जे वापरतात ते सोडून हे काहून?” असं ते जाता-येता विचारायचे. भाऊसाहेबांना वाईट माणूस म्हणता येणार नाही. त्यांनी कॉलेज शून्यातून उभं केलं होतं. पण चारचौघांत अडचण झालेली त्यांना सोसायची नाही.

आणि नेमकी ती एकदा झाली. तपासणी समिती आली होती. सभागृहात संगणकावरून कॉलेजची फिल्म लावली. पडद्यावर चित्र आलं, प्राचार्यांचे ओठ हलले, आवाज मात्र नाही. समितीचे तिघं खुर्चीत चुळबुळ करायला लागले. भाऊसाहेबांनी मॅडमकडं असं पाहिलं की मीच घाबरलो. कुणीतरी म्हणालं, बंद करून चालू करा. मॅडम म्हणाल्या, “बंद केलं की रोग झाकतो, बरा होत न्हाई,” आणि शांतपणे कानाला हेडफोन लावून बसल्या. त्या काळच्या लिनक्सची एक खोड होती. ध्वनीचं कार्ड एका वेळी एकच कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, धरून बसायचा. दुसरा आला की त्याला सरळ जागा नाही म्हणून सांगायचा. मॅडमनी दोन ओळी टाइप केल्या आणि धरून बसणारा सापडला.

“कोणी केलं हे?” भाऊसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं.

दुसरं कुणी असतं तर ‘काहीतरी झालं होतं’ म्हणून वेळ मारून नेली असती. मॅडम म्हणाल्या, “प्राचार्यांनी सकाळी भजन लावलं होतं. आवाज बारीक केला, बंद न्हाई केलं. ते अजून चालूच हाय.”

समितीचे लोक हसले. प्राचार्यही हसले. भाऊसाहेब तेवढे हसले नाहीत.

हे माग काढणं त्या वडिलांकडून शिकल्या होत्या. त्यांचे आबा कळमनुरीत रेडिओ दुरुस्त करायचे, घरासमोरच्या पत्र्याखाली बसून. बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतून रेडिओ यायचे. आणणारे काही जण रेडिओ ओट्यावरच ठेवायचे, उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत. पाण्याला नको म्हणायचे. “आबा कधी काही बोलले न्हाईत,” मॅडमनी मला एकदाच सांगितलं. “पण त्या माणसाचा रेडिओ आधी दुरुस्त करून द्यायचे. म्हणायचे, दारातून जाऊ दे लवकर.” आबांची शिकवण एकच होती. स्पीकरपासून सुरू कर आणि वायर धरून उलटं चाल, आवाज जिथं हरवलाय तिथं पोचशीलच. मॅडम लिनक्सवरही तेच करायच्या. पाठकोऱ्या कागदावर चौकोन काढायच्या, त्यांच्यात बाण. कार्यक्रम, मध्ये आवाज वाटून देणारा, मग कार्ड, मग हेडफोन. आणि पेन्सिल नेहमी हेडफोनकडून उलटी चालायची.

दत्ता पोले आला तो दोन हजार सालानंतर चार-पाच वर्षांनी. औंढ्याजवळच्या एका खेड्यातलं मेंढ्या राखणारं घर. एकोणिसाव्या वर्षी तापात त्याची नजर गेली. आला तेव्हा सव्वीसचा होता. भाऊ त्याला लॅबच्या दाराशी सोडून गेला. दत्ताला कुणीतरी सांगितलं होतं, अंधांसाठी राखीव असलेली टेलिफोनवरची नोकरी मिळते, पण संगणकाचं प्रमाणपत्र लागतं.

“मला दिसत न्हाई, मॅडम,” तो म्हणाला. “माझा इथं काही उपयोग हाय का, तेवढं सांगा. न्हाई तर भाऊ अजून स्टँडवरच असंल.”

मॅडम म्हणाल्या, “एक महिना द्या मला. भावाला जाऊ द्या.”

तो महिना मी पार्टिशनच्या पलीकडून ऐकला. पडद्यावरचं वाचून दाखवणारा कार्यक्रम त्यांनी कुठून कुठून उतरवून घेतला. आमचं इंटरनेट इतकं हळू होतं की ते काम चार दिवस चाललं. तो कार्यक्रम बोलायचा तो आवाज म्हणजे डब्यात बसून कुणी बोलल्यासारखा. मग मॅडमनी एका यंत्राचा पडदाच बंद केला. संध्याकाळी सगळे गेले की काळ्या पडद्यापुढं बसून त्या फक्त कानानं काम करायच्या. चुकायच्या, पुन्हा करायच्या. मी विचारलं, हे कशाला? त्या म्हणाल्या, “मला डोळ्यानं येतं ते त्यांला कसं शिकवू? आधी मला कानानं आलं पाहिजे.”

महिन्यानं दत्तानं पहिल्यांदा हेडफोन लावला. त्यानं एक कळ दाबली, यंत्रानं ते अक्षर उच्चारलं. त्यानं दुसरी दाबली. मग त्यानं स्वतःचं नाव टाइप केलं आणि यंत्रानं ते ‘डट्टा’ असं म्हटलं. त्याला हसू आवरेना. नजर गेल्यापासून त्यानं स्वतःचं नाव पहिल्यांदाच लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं.

दीड वर्षात तो तयार झाला. पत्र, तक्ता, फाइल जपून ठेवणं, सगळं. परीक्षेला आमचंच केंद्र मिळालं. आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडून एक खोकं आलं. त्यात बारा छोटे कॅमेरे होते. या वर्षीपासून प्रत्येक उमेदवाराचं चित्र घेतलं जाणार, कॅमेरा काढायचा नाही, असा आदेश होता. लिनक्सवर ते कॅमेरे चालतात की नाही इथूनच सुरुवात होती. मॅडमनी आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत बसून एकेक कॅमेरा लावला, चित्र येतंय ते पाहिलं, दत्ताच्या यंत्रावर आवाज पाहिला. सगळं बराबर होतं.

परीक्षेला बाहेरचे पर्यवेक्षक म्हणून तावडे नावाचे गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात नियमांची पुस्तिका. मी त्यांचा मदतनीस पर्यवेक्षक. पेपर सुरू झाल्यावर केंद्राच्या कुणीही यंत्राला हात लावायचा नाही, उमेदवाराजवळ जायचं नाही, हे त्यांनी मॅडमना दोनदा ऐकवलं आणि त्यांना व्हरांड्यात पाठवलं.

अकरा वाजता यंत्रं चालू झाली. बारा पडद्यांवर प्रश्नपत्रिका उघडली. अकरा जणांचे हात चालू लागले. दत्ताचे हात कळफलकावर तसेच राहिले.

“सर,” तो म्हणाला, “आवाज न्हाई.”

तावडे आले, वाकून पाहिलं. “पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसतंय की.”

“मला कसं दिसंल, सर?”

तावडे मग म्हणाले, “लेखनिक देऊ. तो वाचेल, तुम्ही सांगाल तसं टाइप करेल.”

“मग पास तो व्हईल,” दत्ता म्हणाला. “नोकरीवर तो येणार हाय का माझ्यासंग?”

मी दाराशी जाऊन मॅडमना सांगितलं. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या. चेहरा उतरला होता. तिथूनच त्यांनी विचारलं, “दत्ताभाऊ, सूं येतंय का?”

“येतंय, मॅडम. सूं येतंय, बोलणं न्हाई.”

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. कागदावरचे चौकोन त्या मनात काढत असणार, पेन्सिल उलटी चालवत. मग एकदम म्हणाल्या, “चूक माझी हाय. काल मी कॅमेरे चालू मशीनला लावले. आज मशीन चालू होतानाच कॅमेरा लागलेला होता. त्या कॅमेऱ्यात माइक हाय, म्हणून लिनक्स त्यालाबी ध्वनीचं कार्डच समजतं. तो आधी सापडला, त्याला पहिला नंबर दिला. आता सगळं बोलणं त्या कॅमेऱ्याकडं चाललंय. आणि त्याला स्पीकरच न्हाई.”

“मग बंद करून चालू करा,” तावडे म्हणाले.

“कॅमेरा लागलेलाच राहणार ना? पुन्हा तेच व्हईल.”

“यंत्राला हात लावता येणार नाही. जवळ जाता येणार नाही.”

“न्हाई जात. इथूनच बोलू का?”

तावडेंनी पुस्तिका उघडली. पानं उलटत राहिले. अकरा उमेदवार मान वर न करता ऐकत होते, ते त्यांच्या थांबलेल्या हातांवरून कळत होतं. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

“बोलू नये असं लिहिलेलं नाही,” तावडे शेवटी म्हणाले. “पण तुम्हाला पडदा दिसता कामा नये. प्रश्नपत्रिका उघडी आहे.”

मॅडम वळल्या आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. कपाळ भिंतीला टेकेल इतक्या जवळ. तावडेंनी एक कोरा कागद घेतला, पेन उघडलं आणि लिहायच्या तयारीत उभे राहिले. हा माणूस पुरावा जमवतोय, असंच मला वाटलं.

“दत्ताभाऊ, ऑल्ट आणि एफ-टू एकदम दाबा. आता लिहा. एक्स, टी, ई, आर, एम. एंटर.”

दत्तानं दाबलं. एरवी प्रत्येक अक्षराला यंत्र त्याला सांगायचं, आता कान रिकामे होते. पडद्यावर एक पांढरी चौकट आली. ती मला दिसत होती, मॅडमना आणि दत्ताला नाही.

“चौकट आली,” मी म्हणालो. तावडेंनी माझ्याकडं पाहिलं, पण हटकलं नाही.

“ई, सी, एच, ओ. मोकळी जागा.” मॅडम भिंतीशी एकेक अक्षर बोलत होत्या, इतकं सावकाश की प्रत्येकाला श्वास घेता येईल. लांबलचक ओळ होती. शेवटी त्या टिंबानं सुरू होणाऱ्या एका फाइलच्या नावापाशी पोचल्या. “एंटर.”

तावडेंचं पेन थांबलं. “काहीतरी आलंय.”

“सर,” मॅडम भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाल्या, “शेवटची ओळ तेवढी वाचता का? ती प्रश्नपत्रिका न्हाई.”

मला वाटलं, तावडे आता नाही म्हणणार. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, दत्ताच्या खांद्यावरून वाकले आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचलं, “ई, एच, सी, ओ. कमांड नॉट फाउंड.”

“सी आधी, दत्ताभाऊ. घाई न्हाई. पुन्हा पहिल्यापासून. ई. सी. एच. ओ.”

दत्ताच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण त्यानं तो पुसायला हात उचलला नाही. बोटांची जागा सुटली असती. पुन्हा ती सगळी ओळ. तावडे पुन्हा वाकले.

“काहीच नाही आलं.”

“काही न्हाई आलं म्हणजे बराबर गेलं,” मॅडम म्हणाल्या. “आता बोलणारा कार्यक्रम बंद करून पुन्हा लावायचा.” आणखी दोन ओळी त्यांनी सांगितल्या. दत्तानं शेवटचं एंटर दाबलं.

काही झालं नाही. म्हणजे आम्हाला काही कळणार नव्हतंच, आवाज आला तर तो त्याच्या एकट्याच्या कानात येणार होता. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो. तावडेही बघत होते. दत्तानं डोकं डावीकडं झुकवलं. त्याचा खालचा ओठ सुटला.

“आलं,” तो म्हणाला.

“काय म्हणतंय?” मॅडमनी भिंतीला विचारलं.

“ते सांगायचं नाही!” तावडे ओरडले. लॅबमध्ये कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

अठ्ठावीस मिनिटं गेली होती. मॅडमनी ती वाढवून मागितली. तावडे म्हणाले, तो अधिकार मला नाही. दत्ताचा तक्ता अर्धवट राहिला.

तिसऱ्या दिवशी तक्रार गेली. बाकीच्या अकरा उमेदवारांपैकी कुणाच्या तरी घरच्यांनी लिहिलं होतं की केंद्रातल्या मॅडमनी अंध उमेदवाराला पेपर सांगितला. दत्ताचा निकाल रोखला गेला. भाऊसाहेबांना केंद्र जाण्याची भीती होती. त्यांनी मॅडमना बोलावलं, मलाही. टेबलावर कागद तयार होता. ‘माझ्याकडून अनवधानाने उमेदवारास मदत झाली,’ एवढंच त्यात होतं.

“सही करा. विषय मिटवू,” भाऊसाहेब म्हणाले. “तुमची नोकरी मी सांभाळतो.”

मॅडमनी कागद वाचला आणि परत ठेवला. “मी उमेदवारास मदत केलेली नाही. मी त्याचा पडदा सुरू केला. त्याचा पडदा कानात आहे. मी सही केल्यास त्याचे दीड वर्ष खोटे ठरेल. ते मी करणार नाही.”

पुस्तकी मराठी. मी खाली बघितलं.

“तुमी होता ना तिथं?” भाऊसाहेबांनी मला विचारलं. “काय सांगितलं त्यांनी?”

मी म्हणालो, “मला त्यातलं तांत्रिक काही समजलं नाही.”

खोटं नव्हतं ते. पण बाहेर आल्यावर मॅडम माझ्याकडं वळल्या. “तुम्हाला समजले नसेल, सर. ऐकू तर आले होते.” आणि त्या बस गाठायला निघून गेल्या. पार्टिशनच्या अलीकडं बसून इतकी वर्षं ऐकणाऱ्या माणसाला त्याहून कडू काही बोलता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी मी ऐकलं होतं तेवढं सगळं लिहून भाऊसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. पण एक दिवस उशिरा, ते उशिराच.

निकाल सोडवला तो माझ्या कागदानं नाही, तावडेंच्या. त्या दिवशी मॅडमनी उच्चारलेलं एकूण एक अक्षर त्यांनी उतरवलं होतं, चुकलेलं ‘ई, एच, सी, ओ’ धरून, प्रत्येक ओळीपुढं वेळ टाकून. खाली लिहिलं होतं की संबंधित शिक्षिका संपूर्ण काळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. वरच्या कार्यालयात कुणा जाणकारानं ती अक्षरं वाचली, त्यात प्रश्नपत्रिकेतलं काही नव्हतं. चार महिन्यांनी निकाल लागला. अर्धवट तक्त्यासकट दत्ता पास झाला. पुढच्या वर्षी तो एका सरकारी कार्यालयात टेलिफोनवर लागला. त्यानं पहिला फोन ग्रंथालयात केला, कारण कॉलेजचा तोच नंबर त्याला पाठ होता.

“मॅडमला द्या, सर,” तो म्हणाला.

मॅडम तेव्हा नव्हत्या. जूनमध्ये सगळ्यांचे कागद नवे झाले, त्यांचा झाला नाही. कारण कुणी दिलं नाही, त्यांनीही विचारलं नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी पंधराही यंत्रं तपासली, कॅमेऱ्याची ती चूक पुन्हा होऊ नये म्हणून प्रत्येकात एक ओळ घातली, किल्ली शिपायाकडं दिली. माझ्याकडं आल्या, ग्रंथालयाची तीन पुस्तकं परत केली. मी काहीतरी बोलणार होतो. त्या म्हणाल्या, “पावती राहू द्या, सर. बस सुटंल.”

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. दोनेक वर्षांनी. वाशिमला एका लग्नाला गेलो होतो, परतताना कनेरगाव नाक्यावर चहाला थांबलो. उन्हाळा होता. समोरून वाशिमकडं जाणारी बस आली, दारातूनसुद्धा माणसं लोंबकळलेली. आणि मागच्या दाराशी कंडक्टरचा आवाज चढलेला.

“बाई, डबा टपावर टाका की! माणसाला जागा न्हाई अन् डब्याला काहून?”

“टपावर हादरे बसून मरंल ते. मी उभी राहते, त्याला बसू द्या.”

मी ग्लास ठेवून धावलो. खिडकीजवळच्या सीटवर चादरीत गुंडाळलेला संगणक होता, दोरीनं सीटच्या पाठीला बांधलेला. मॅडम गर्दीत चेपून उभ्या होत्या, एक हात वरच्या दांड्याला, दुसरा त्या गाठोड्यावर. केसांत पांढरं बरंच आलं होतं. त्यांनी मला ओळखलं.

“कुठं निघालात?” मी खालून ओरडलो.

“वाशिमच्या पुढं एक शाळा हाय, सर. नजर नसलेली सात लेकरं हायत तिथं. मशीन एकबी न्हाई.”

मला त्या दिवसाबद्दल माफी मागायची होती. भाऊसाहेबांच्या टेबलासमोरच्या त्या वाक्याबद्दल. मी तोंड उघडलं, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. मॅडमनी गाठोड्यावरचा हात क्षणभर उचलला, मला वाटलं निरोपाला. पण त्यांनी तो खिडकीकडं नेला आणि गाठोड्यावर धूळ उडू नये म्हणून काच ओढून घेतली. बस नाक्यावरून वळली. मागच्या काचेतून शेवटपर्यंत दिसत राहिला तो त्यांचा दांड्याला धरलेला हात, आणि त्याच्या आतल्या बाजूला चमकणारं घड्याळ.